महास्फोट हा देवाचा पुरावा नव्हे

आमच्या ख्रिस्ती मंडळीतील तरुणांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात एक संदेश अधूनमधून नव्याने फिरू लागतो. विश्वाला आरंभ होता हे विज्ञानाने सिद्ध केले आहे, ज्याला आरंभ आहे त्याला कर्ता असलाच पाहिजे, तेव्हा बायबलमधील उत्पत्ती या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायावर आता शास्त्रज्ञांनीच शिक्कामोर्तब केले आहे, असा त्याचा आशय असतो. देव आहे असे मानण्यास भक्कम कारणे आहेत असे माझे मत आहे. तरीही हा संदेश मी पुढे पाठवत नाही. त्याचे कारण सांगायचे तर ज्यांच्या गणितातून महास्फोटाची (बिग बँगची) कल्पना निघाली, त्यांच्यापासूनच सुरुवात करावी लागेल.

जॉर्ज लमेत्र हे बेल्जियमचे कॅथलिक धर्मगुरू होते. 1923 मध्ये त्यांना गुरुदीक्षा मिळाली आणि 1927 मध्ये त्यांनी विश्व प्रसरण पावत आहे असे दाखविणारा निबंध प्रसिद्ध केला. तुमचे गणित बरोबर आहे, पण भौतिकशास्त्र भयंकर आहे, असे आइनस्टाइन त्यांना म्हणाले, ही आठवण प्रसिद्ध आहे. 1931 मध्ये लमेत्र यांनी एका आदिम अणूपासून विश्वाचा विस्तार झाला असावा अशी कल्पना मांडली. एका पाद्र्याने सृष्टीला आरंभ असल्याचे सांगावे, याबद्दल अनेकांना संशय वाटला असल्यास नवल नाही. नोव्हेंबर 1951 मध्ये पोप बारावे पायस यांनी वैज्ञानिकांपुढील भाषणात या सिद्धान्ताची सांगड निर्मितीच्या श्रद्धेशी घातली, तेव्हा सर्वांत अस्वस्थ झाले ते लमेत्रच. आपला सिद्धान्त धर्माच्या प्रश्नाबाहेरचा आहे, नास्तिकाला तो देव नाकारण्यास मोकळे ठेवतो आणि आस्तिकाला देवाशी सलगी करण्याच्या मोहापासून वाचवतो, अशी त्यांची भूमिका होती व 1958 च्या सॉल्वे या भौतिकशास्त्रज्ञांच्या परिषदेत त्यांनी ती स्पष्टपणे मांडली.

ही भूमिका केवळ सावधपणाची नव्हती. उद्या भौतिकशास्त्राने महास्फोटापूर्वीचीही एखादी अवस्था दाखवून दिली, तर त्या संदेशावर उभी केलेली श्रद्धा कोसळेल. तेराव्या शतकात कॅथलिक धर्मशास्त्रज्ञ संत थॉमस अक्वायनस यांनी हा धोका ओळखला होता. विश्वाला आरंभ होता हे आपल्याला केवळ श्रद्धेने कळते, बुद्धीने ते सिद्ध करता येत नाही, असे त्यांनी स्पष्ट लिहिले; आणि तरीही देवाचे अस्तित्व बुद्धीने जाणता येते असे सांगून त्यासाठी पाच मार्ग मांडले. त्यांतील मला सर्वांत बलवान वाटणारा मार्ग असा: आपल्याला दिसणाऱ्या वस्तू असू शकतात तशाच नसूही शकतात, त्यांचे असणे त्यांच्या स्वतःच्या स्वरूपातून येत नाही, म्हणून ते कोणीतरी दिलेले असले पाहिजे, आणि देणारा जर स्वतःही उसनेच अस्तित्व घेऊन आला असेल तर प्रश्न फक्त एक पायरी मागे सरकतो. छताला साखळीने टांगलेल्या दिव्याचे उदाहरण घ्या. साखळीला कितीही कड्या जोडल्या, अगदी अनंत जोडल्या, तरी ती धरून ठेवणारे असे काहीतरी लागतेच जे स्वतः कशालाही लटकलेले नाही. येथे प्रश्न विश्व केव्हा सुरू झाले हा नसून ते या क्षणी का आहे, हा आहे, आणि तो विश्व अनादि असले तरीही उरतो.

ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल यांनी 1948 मध्ये बीबीसीवर फादर कॉपलस्टन यांच्याशी झालेल्या वादात यावर दिलेले उत्तर सर्वश्रुत आहे: विश्व आहे, बस्स, त्यापुढे विचारण्यासारखे काही नाही. हे उत्तर प्रामाणिक आहे आणि त्यात तार्किक विसंगती नाही, हे मला मान्य आहे. परंतु ज्या बुद्धीने प्रत्येक लहानमोठ्या घटनेला कारण विचारत विज्ञान उभे केले, तिने नेमके सर्वांत मोठ्या प्रश्नापाशी येऊन थांबावे, याला मला पुरेसे कारण दिसत नाही. अक्वायनस यांच्यासमोर याहून कठीण आक्षेप दुसरा होता, आणि पाच मार्ग मांडण्यापूर्वी त्यांनी तोच पहिला नोंदविला आहे: देव अनंत चांगला असेल तर जगात वाईट कसे? वाइटातूनही चांगले घडविण्याइतका देव समर्थ आहे म्हणूनच तो ते होऊ देतो, हे संत ऑगस्टीन यांचे उत्तर ते देतात. तर्क म्हणून ते टिकते. अंत्यविधीच्या वेळी कोणापुढे ते उच्चारण्याचे धाडस मात्र मी करणार नाही.

शिवाय हा युक्तिवाद पूर्णपणे मान्य केला तरी तो ख्रिस्तापर्यंत पोहोचत नाही, हे आपल्या मंडळीतील उत्साही वक्ते सोयीस्करपणे विसरतात. सृष्टी हे कार्य आहे, म्हणून तिला कर्ता हवा, असा युक्तिवाद न्यायदर्शनाचे पंडित उदयनाचार्यांनी अक्वायनस यांच्या सुमारे अडीच शतके आधी केला होता, आणि बौद्ध पंडितांशी वाद घालणाऱ्या त्या नैयायिकाला ख्रिस्ती श्रद्धा सिद्ध करायची नव्हती. मराठी कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचेही पाहा. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेण्यापूर्वी ते नास्तिक नव्हते; आगगाडीत एका परक्या प्रवाशाने दिलेल्या नव्या करारातील डोंगरावरील प्रवचनाने त्यांना ओढून नेले.

ख्रिस्ती दावा अखेर एका ऐतिहासिक घटनेवर, म्हणजे येशू मेलेल्यांतून उठला यावर, उभा आहे, आणि त्याची तपासणीही इतिहासाच्याच रीतीने व्हायला हवी. प्रेषित पौलाने नव्या करारातील करिंथकरांस पहिले पत्र येशूच्या वधस्तंभावरील मृत्यूनंतर सुमारे पंचवीस वर्षांनी लिहिले. त्याच्या पंधराव्या अध्यायात, आपल्यालाही जे सांगण्यात आले तेच मी तुम्हाला सांगितले, असे म्हणून तो उठलेल्या ख्रिस्ताला पाहणाऱ्यांची यादी देतो: केफा (म्हणजे पेत्र), बारा जण, पाचशेहून अधिक बंधू, याकोब. त्या पाचशेंपैकी बहुतेक अजून हयात आहेत असेही तो जोडतो, म्हणजे ज्याला शंका असेल त्याला विचारायला जागा होती. येशूच्या भावांचा त्याच्यावर विश्वास नव्हता असे योहानाचे शुभवर्तमान सांगते; त्याच भावांपैकी याकोब पुढे यरुशलेमेतील मंडळीचा प्रमुख झाला आणि मारला गेला, आणि त्याच्या मृत्यूची नोंद ख्रिस्ती नसलेल्या योसेफस या यहुदी इतिहासकाराने केली आहे. ख्रिस्ती लोकांचा छळ करणारा पौल स्वतः प्रेषित कसा झाला, याचेही स्पष्टीकरण द्यावे लागते.

कबरेपाशी कोणत्या स्त्रिया गेल्या आणि तेथे कोण दिसले, याबाबत चारही शुभवर्तमानांतील तपशील जुळत नाहीत, हे खरे आहे. भास, अफवा, नंतर रचलेली कथा, ही पर्यायी स्पष्टीकरणे अभ्यासकांनी मांडली आहेत आणि ती हसण्यावारी नेण्याजोगी नाहीत. भासाचे स्पष्टीकरण शोकाकुल पेत्राला लागू पडू शकते. शत्रू असलेल्या पौलाला आणि न मानणाऱ्या याकोबाला ते लावताना फार ताणावे लागते, असे मला वाटते. अर्थात मेलेला मनुष्य कधीच उठू शकत नाही असे ज्याने आधीच ठरविले आहे, त्याला ते ताणणेही परवडते. म्हणूनच आधीचा प्रश्न महत्त्वाचा ठरतो: ज्याच्या आधारावर हे विश्व या क्षणी उभे आहे असा कोणी असेल, तर पौलाची यादी वाचताना अशक्य हा शब्द पहिल्याच ओळीला वापरता येत नाही. आणि ख्रिस्त उठला नसेल तर आमचा विश्वास व्यर्थ आहे, असे त्याच अध्यायात पौलानेच लिहून ठेवले आहे.