तुम्ही विचारलंत म्हणून: हृदयाला कोणता भाग सुरक्षित?

हार्ट अटॅकने हॉस्पिटलात दाखल झालेल्यांचे भागवार नकाशे मी काढते. हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "मग राहायला सुरक्षित भाग कोणता?" आजवर हसून टाळलं. आता लिहूनच टाकते. मला माहीत नाही, आणि माझा नकाशा ते सांगतही नाही.

वयाचा फरक जमेस धरलाय का, रुग्णाचा राहता पत्ता घेतलाय का, हे कृपया विचारू नका. घेतलंय सगळं. तरीही.

नकाशात मोजला जातो तो हॉस्पिटलपर्यंत जिवंत पोचलेला माणूस. वाटेत गेलेला, झोपेत गेलेला, 'ॲसिडिटी असेल' म्हणत पडून राहिलेला त्यात नाहीच. त्यामुळे भाग फिकट दिसला तर तिथली माणसं धडधाकट असतील, किंवा हॉस्पिटल लांब असेल. रंग तोच.

एक भाग असाच वर्षानुवर्षं फिकट होता, मग एकदम गडद होत गेला. बैठकीत वरिष्ठांनी त्यावर बोट ठेवलं, "इथे काय बिघडलं?" तिथले आरोग्य अधिकारी समोरच बसले होते. ते उठून सांगू लागले: ईसीजीची सोय झाली, रुग्णवाहिका मिळाली, पूर्वी घरातच दगावणारे आता दाखल होतायत, हे बिघडलेलं नाही. त्यांना खाली बसायला सांगितलं. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "दोन्ही शक्यता आहेत." अक्षरशः खरं होतं ते, अहवालाच्या तळटीपेतही तसंच छापलं होतं. त्यांच्याकडे मात्र लेखी खुलासा मागितला गेला. बाहेर पडताना ते एवढंच म्हणाले, "मॅडम, तुम्हाला तर कळत होतं ना?"

कळत होतं, पण पुरावा कुठे होता? घरचे मृत्यू खरंच घटले का, हे मृत्यूच्या दाखल्यांवरून बघावं लागतं, आणि तिथे अनेकदा कारण असतं 'हृदय बंद पडणे'. ते तर प्रत्येकाचंच पडतं.

त्यात मोजपट्टीही बदलत राहते. २००० साली युरोप-अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी ट्रोपोनिनच्या (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रथिन) तपासणीला मध्यवर्ती ठेवून अटॅकची नवी व्याख्या केली. पूर्वी निसटणारे छोटे अटॅकही मोजले जाऊ लागले. जिथे ही तपासणी आधी पोचली, तो भाग आधी गडद. आणि लहान आकड्यांचं काय सांगू! अमेरिकेतल्या हेलेना या छोट्या शहरात २००२ साली धूम्रपानबंदीच्या सहा महिन्यांत दाखल रुग्ण सरासरी ४० वरून २४ वर आले. फार गाजलं ते. पुढे मोठ्या लोकसंख्येच्या अभ्यासांत एवढी घट काही दिसली नाही.

पंचविशीतली मी म्हणायचे, असं असेल तर नकाशे काढूच नयेत. तिला मी फिनलंड दाखवते. पूर्वेकडे पुरुष हृदयरोगाने जास्त मरतात हे आकड्यांत दिसलं, म्हणून १९७२ मध्ये उत्तर कारेलिया प्रकल्प उभा राहिला. लोणी, मीठ, सिगारेट यांवर काम झालं, आणि काही दशकांत तिथल्या कामकरी वयाच्या पुरुषांमधले हे मृत्यू ८० टक्क्यांहून अधिक घटले. ती लगेच म्हणते, "ते मृत्यूंचे आकडे होते. तू मोजतेस दाखल झालेले." यावर माझ्याकडे उत्तर नाही.

यंदा प्रत्येक भागातून हॉस्पिटल गाठायला लागणारा वेळही नकाशाशेजारी छापा, असं सुचवलंय. पानावर जागा नाही म्हणतात.