टॉम थॉमसन समजून घ्यायचा तर आधी फळी बघा

टॉम थॉमसनबद्दल लिहिताना बरेच जण त्याच्या मृत्यूपासूनच सुरुवात करतात. ८ जुलै १९१७ रोजी तो कॅनडातल्या अल्गॉन्क्विन पार्क या राखीव रानात, कनू लेक या तळ्यावर होडी घेऊन निघाला आणि आठ दिवसांनी त्याचा मृतदेह सापडला. त्यावरचे तर्क अजून थांबलेले नाहीत. पण चित्रकार म्हणून तो कोण होता, हे कळायला तो जिच्यावर रानात चित्रं रंगवायचा ती साधारण २१.६ × २६.७ सेंमीची लाकडी फळी जास्त उपयोगाची.

जन्म १८७७ चा, ऑन्टॅरिओतल्या क्लेअरमाँटचा. टोरांटोत ग्रिप या कंपनीत तो जाहिरातींची डिझाइनं करायचा. अल्गॉन्क्विनला पहिल्यांदा गेला १९१२ मध्ये, म्हणजे पस्तिशीच्या आसपास. पुढच्याच वर्षी ऑन्टॅरिओ सरकारने त्याचं ‘नॉर्दर्न लेक’ २५० डॉलरला घेतलं. डॉ. जेम्स मॅकॅलम या नेत्रतज्ज्ञाने वर्षभराचा खर्च उचलायची तयारी दाखवली आणि थॉमसनने डिझाइनची नोकरी सोडली.

मग कामाची एक घडी बसली. वसंत ते शरद रानात, तैलरंगात छोटी स्केचेस. हिवाळ्यात टोरांटोत मोठे कॅनव्हास. तिथे स्टुडिओ बिल्डिंग या चित्रकारांच्या इमारतीच्या मागच्या शेडमध्ये तो राहायचा, भाडं महिना एक डॉलर. फळी छोटी असण्यामागे व्यवहार आहे: ती पेटीत मावते, होडीत नेता येते आणि उजेड पालटायच्या आत एका बैठकीत भरून होते. खालचा रंग वाळायला वेळच नसतो, त्यामुळे ओल्यावर ओला रंग चढवावा लागतो. ब्रश पुन्हा पुन्हा घासला की दोन्ही रंग मिसळून चिखल होतो. म्हणून त्याचे फटकारे जाड आणि सुटे आहेत. मधल्या फटींतून कित्येकदा लाकूड तसंच दिसतं.

खरी कसोटी चित्र मोठं करताना लागते. १९१६ मध्ये पार्कात वनवणव्यांवर पहारा देण्याची नोकरी करताना त्याने ग्रँड लेकपाशी एक स्केच केलं. त्यावरून झालेलं ‘द जॅक पाइन’ १२७.९ × १३९.८ सेंमीचं, म्हणजे क्षेत्रफळाने फळीच्या तीसपटीहून मोठं. शिवाय फळी आडवी, कॅनव्हास जवळजवळ चौरस. नुसत्या चौकटी आखून आकार वाढवला असता तर चित्र बसलंच नसतं. फळीवर जोर आणणारा फटकारा एवढ्या जागेत विस्कळीत दिसतो. थॉमसनने आकाश आणि पाणी रुंद आडव्या पट्ट्यांत मांडलं, झाडाला ठसठशीत आकार दिला आणि खालचा लाल रंग जागोजागी डोकावू दिला. जाहिरातींच्या कामात मुरलेला हात इथे कामी आला, असं माझं ठाम मत आहे. ‘नॉर्दर्न रिव्हर’मधल्या झाडांच्या वेलबुट्टीसारख्या जाळीतही तोच हात आहे, ते चित्र कॅनडाच्या नॅशनल गॅलरीने १९१५ मध्ये ५०० डॉलरला घेतलं.

सुमारे ४०० फळ्या आणि पन्नासेक कॅनव्हास, तेही बहुतेक पाच-सहा वर्षांतले. ग्रुप ऑफ सेव्हन हा कॅनडातल्या निसर्गचित्रकारांचा गट १९२० मध्ये, थॉमसनच्या मृत्यूनंतर स्थापन झाला, त्यामुळे त्याचं नाव सदस्यांत नाही. पण त्यातल्या अनेकांना अल्गॉन्क्विनची ओढ लागली ती त्याच्यामुळे. ‘द जॅक पाइन’ आता ओटावाच्या नॅशनल गॅलरीत आहे, ‘द वेस्ट विंड’ टोरांटोच्या आर्ट गॅलरी ऑफ ऑन्टॅरिओत, आणि तो राहायचा ती शेड १९६२ मध्ये ऑन्टॅरिओतल्याच क्लाइनबर्गला हलवली.