फोर्ट स्टॅनविक्स आणि ओनायडांची वाट

न्यूयॉर्क राज्यातील रोम शहराच्या ऐन मध्यावर फोर्ट स्टॅनविक्स हा माती आणि ओंडक्यांच्या तटाचा भुईकोट उभा आहे. चहूबाजूंची वस्ती पाहून, येथे किल्ला बांधावा असे कोणाला का वाटले असेल, हा प्रश्न मला पडला; त्याचे उत्तर जवळच्या पाण्यात आहे. मोहॉक नदीने वर येणाऱ्या नावा येथे थांबत, कारण ओंटारियो सरोवराकडे नेणारी वुड क्रीक काही मैल पलीकडे होती आणि मधली कोरडी वाट नावा व माल वाहून नेऊनच ओलांडावी लागे. ओनायडा या मूळनिवासी राष्ट्राच्या भूमीतील या वाटेवर पहारा ठेवण्यासाठी, फ्रेंचांशी लढणाऱ्या ब्रिटिशांनी 1758 मध्ये हा किल्ला उभारण्यास घेतला.

अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात, ऑगस्ट 1777 मध्ये, किल्ला अमेरिकनांकडे होता आणि ब्रिटिश सेनानी सेंट लेजरने त्याला वेढा घातला; किल्लेदार पीटर गॅन्सवूर्टने शरण जाण्यास नकार दिला. 6 ऑगस्टला अमेरिकन सेनानी निकोलस हर्किमर किल्ल्यासाठी कुमक घेऊन येत असता ओरिस्कनीजवळच्या घळीत दबा धरून बसलेल्या शत्रूने त्याची वाट अडवली आणि भीषण कत्तल झाली. मला सर्वांत अस्वस्थ करते ती गोष्ट ही, की त्या घळीत ओनायडा योद्धे अमेरिकनांच्या बाजूने, तर मोहॉक आणि सेनेका ब्रिटिशांच्या बाजूने लढले. पिढ्यान्‌पिढ्या एका संघात नांदलेल्या राष्ट्रांनी परक्यांच्या युद्धात एकमेकांचे रक्त सांडले. त्याच दिवशी मॅरिनस विलेटने किल्ल्याबाहेर पडून शत्रूची छावणी लुटली. 22 ऑगस्टला वेढा उठला, आणि सेंट लेजरची फौज ब्रिटिश सेनापती बर्गॉइनला कधीच मिळाली नाही. बर्गॉइनने ऑक्टोबरमध्ये साराटोगा येथे शरणागती पत्करली.

1781 मध्ये आगीनंतर किल्ला सोडण्यात आला आणि पुढे त्यावर शहर वसले. 1970 च्या दशकात इमारती पाडून, उत्खनन करून तो पुन्हा उभारला गेला आणि 1976 मध्ये लोकांसाठी खुला झाला. तटाचा गाभा काँक्रीटचा असला तरी तो जुन्याच जागी आहे, म्हणून मला तो खोटा वाटत नाही.

ओनायडांनी ज्यांना साथ दिली, त्या अमेरिकनांनी 1784 च्या तहात याच ठिकाणी ओनायडांच्या जमिनी सुरक्षित राहतील असे वचन दिले. चारच वर्षांनी, 1788 मध्ये, न्यूयॉर्क राज्याने येथेच दुसरा करार करून त्यातील बहुतेक जमीन घेतली.