नातेवाईक फरार

"मॅडम, चौदा नंबरचा नातेवाईक पळाला. बाई व्हेंटिलेटरवर, बाळ नवजातांच्या आयसीयूत आणि हा बहाद्दर रात्रीपासून गायब. रजिस्टरला फरार लिहून टाकू?"

प्रसूती विभागातल्या सिस्टरांचा हा फोन आला तेव्हा मी माझ्या खोलीचं कुलूप उघडत होते. नागपुरातल्या एका मोठ्या सरकारी रुग्णालयात मी समाजसेवा अधीक्षक आहे. पद भारदस्त वाटतं, पण काम म्हणजे बेवारस रुग्णाचं घर शोधा, योजनेत न बसणाऱ्याला योजनेत बसवा, कुणाचं रेशनकार्ड गावाहून मागवा, असलं. 'फरार' हा शेरा आमच्याकडे सर्रास पडतो. तो एकदा पडला की पुढं कुणी शोधत नाही. म्हणून तो लिहिण्याआधी मला फोन करा, असं सगळ्या वॉर्डांना मी बजावून ठेवलंय.

केसपेपर चाळला. बाई भामरागड तालुक्यातली, माडिया आदिवासी, विशीतली. आठव्या महिन्यात झटके आले म्हणून ग्रामीण रुग्णालयातून अहेरी, अहेरीहून गडचिरोली आणि तिथून आमच्याकडे. साडेतीनशेच्या आसपास किलोमीटर आणि पिनेनं एकमेकींना टोचलेल्या तीन रेफर चिठ्ठ्या. ऑगस्टचे दिवस. पर्लकोटा नदीला पूर आला की पूल पाण्याखाली जातो आणि भामरागडचा संपर्क तुटतो; पाणी ओसरल्याबरोबर ही माणसं निघाली असणार. आशाताई गडचिरोलीपर्यंत सोबत होती, पुढं एकटा नवरा. रात्री सिझेरियन झालं. बाळ पावणेदोन किलोचं, आईचं हिमोग्लोबिन अवघं पाच. रक्त हवं होतं. नमुना आणि फॉर्म देऊन नवऱ्याला रक्तपेढीकडे पिटाळलं, तो परतलाच नाही. शेवटी पहाटे निवासी डॉक्टर मुलीनं दुसरा नमुना काढला, स्वतः पळत गेली आणि पिशवी घेऊन आली. ही पोरं किती वेळा डॉक्टरकी बाजूला ठेवून हमाली करतात ते बाहेर कुणाला दिसत नाही.

पैशाला भिऊन पळाला म्हणावं, तर तेही पटेना. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात २०११ पासून बाळंतिणीला रक्त, औषधं, जेवण, घरी सोडायला गाडी, सगळं मोफत आहे. शिवाय एवढ्या लांबून पोटुशी बायको आणणारा माणूस मध्यरात्री तिला टाकून कशाला जाईल? मी आधी रक्तपेढी गाठली.

तिथं नाकारलेल्या नमुन्यांची वही असते. त्यात रात्री एक चाळीसची नोंद सापडली: नळीवर 'मडावी', फॉर्मवर 'माधवी', नाव जुळत नाही, परत पाठवले. तंत्रज्ञाचं काही चुकलं नव्हतं. नावात फरक असताना रक्त दिलं आणि ते भलत्याच बाईला चढलं, तर माणूस जातो. तिथं कडकपणाच हवा. घोटाळा झाला होता नोंदणीच्या खिडकीवर. संगणकात इंग्रजीतून टाइप करताना कुणीतरी आडनावात एक 'एच' जादा घातला, मडावीची माधवी झाली, पुढच्या माणसानं तेच बाईचं नाव समजून खरं नाव गाळून टाकलं. नळीवर मात्र डॉक्टरनं बाईच्या आधार कार्डावरून हातानं लिहिलं होतं.

आता मला दुसरंही कोडं सुटलं. वॉर्डातल्या मामांनी, म्हणजे शिपायांनी, रात्री दाराशी येऊन चार वेळा हाका मारल्या होत्या म्हणे: "माधवीचे नातेवाईक कोण? माधवीचे!" कोण ओ देणार?

प्रसूती विभागाच्या दारावरच्या गार्डला विचारलं. त्याची पाळी सुटत आली होती, डोळे तांबारलेले.

"तो? लुंगीवाला? तो त रातभर इथंच होता जी. पास नाई, काई बोलत नाई. दोनदा हाकललं त तिकडं जाऊन बसला."

"आत का नाही सोडलं?"

"पास नाई त कसा सोडू मॅडम? उद्या काई झालं त माह्यावर येते."

त्याचंही खरंच होतं. २०१७ मध्ये धुळ्यात निवासी डॉक्टरला बेदम मारहाण झाली, राज्यभरातले निवासी डॉक्टर रजेवर गेले, आणि त्यानंतर सरकारी रुग्णालयांत सुरक्षारक्षक आणि पास यांचं प्रस्थ वाढलं. डॉक्टरांना मार खावा लागू नये हे मान्यच आहे. पण पास बायकोच्या उशाखाली, बायको दाराच्या आत आणि माणूस दाराच्या बाहेर, या स्थितीत काय करायचं ते कुठल्याच परिपत्रकात नाही.

'तिकडं' म्हणजे सायकल स्टँडच्या पत्र्याखाली. तिथून विभागाची मागची खिडक्यांची रांग दिसते. पंचविशीचा पोरगा, ओला शर्ट, अनवाणी. माझ्या गळ्यातलं ओळखपत्र पाहून ताडकन उठला. काही न बोलता गमछाच्या टोकाची गाठ दातांनी सोडली आणि आतून नळी काढून दोन्ही हातांनी माझ्यासमोर धरली. जांभळ्या टोपणाची, रक्ताची. फॉर्मही होता, चार घड्या घालून, पावसानं शाई पसरलेला. नळी त्याच्या अंगाच्या उबेनं कोमट लागली.

मराठी त्याला तुटकी येत होती. मी विचारलं तर नुसता मान हलवायचा, हो की नाही तेही कळू नये अशी. मग नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका पोरीला फोन लावला. ती एटापल्ली तालुक्यातली, आदिवासी मुलींच्या वसतिगृहात राहते. अशा वेळी मी तिलाच त्रास देते. या कामासाठी दुभाष्याचं पद आमच्याकडे नाही आणि कधी येईल असं वाटतही नाही. स्पीकरवर तिचा आवाज आला, "जोहार दादा," आणि पोरगा मटकन खाली बसला. मग जो बोलत सुटला!

ती सांगत गेली, "मॅडम, तो म्हणतो, खिडकीतल्या साहेबांनी रक्त पाहिलं आणि 'हे चालणार नाही' म्हणाले. त्याला वाटलं, बायकोचं रक्तच खराब झालं, आता काही होणार नाही. ते डॉक्टरला सांगायला परत आला तर दारातून हाकललं. रक्त टाकून कसं द्यायचं म्हणून सांभाळून ठेवलं. तो विचारतोय, बायको आहे का?"

"आहे म्हणावं. रक्त लागलंय तिला. आणि मुलगी झालीय."

तिनं सांगितलं. त्यावर तो काही बोलला नाही. थोड्या वेळानं त्यानं काहीतरी विचारलं आणि ती फोनवर हसली. "विचारतोय, मग हे रक्त आता कुणाला द्यायचं?"

मी त्याला घेऊन निघाले. गार्डनं बाजू दिली, पण आयसीयूच्या काचेशी याचा पाय उचलेना. गडचिरोलीजवळच्या शोधग्रामला डॉ. अभय आणि राणी बंग यांनी दवाखाना बांधण्याआधी आदिवासींनाच विचारलं होतं, दवाखान्याची भीती का वाटते. मोठ्या इमारती, पांढरे कपडे कारण ते मेलेल्याचे, आणि आपल्या माणसाला आत नेऊन आपल्याला बाहेर ठेवणं, असं लोकांनी सांगितलं. म्हणून तिथं झोपड्यांसारखे वॉर्ड झाले, सोबतचे लोक तिथंच राहू लागले, आणि दवाखान्याला नाव मिळालं त्यांच्या देवीचं, मां दंतेश्वरीचं. आमची इमारत काही झोपडी होणार नाही. पण मी अॅप्रन काढून सिस्टरांच्या खुर्चीवर टाकला आणि त्याच्या पुढं चालू लागले, तेव्हा तो आला. पलंगाशी उभा राहून त्यानं बायकोच्या पायाचा अंगठा चिमटीत धरला, एवढंच.

सिस्टरांनी रजिस्टर मिटलं आणि स्वतःच्या डब्यातल्या दोन पोळ्या कागदात गुंडाळून त्याच्या हातात दिल्या. सकाळी याच बाई त्याला बहाद्दर म्हणत होत्या.

बाई तिसऱ्या दिवशी व्हेंटिलेटरवरून निघाली. बाळाला वजन धरायला वेळ लागला. पण माझं त्या दिवसाचं काम आयसीयूत संपलेलं नव्हतं. बाळाच्या हातातल्या पट्टीवर अजून 'बेबी ऑफ माधवी' होतं, आणि तीच नोंद जन्माच्या रजिस्टरला जाणार होती. जन्म २१ दिवसांत नोंदवतात, आणि एकदा नोंदला की तो कागद जन्मभर पाठीशी लागतो. उद्या ही पोर आश्रमशाळेतून पुढं शिकायला निघाली की जात पडताळणी समिती सगळ्यात आधी आडनावं ताडून बघेल. मडावीची लेक माधवी कशी, याचं उत्तर भामरागडहून कोण कुठं द्यायला जाणार?

नोंदणी विभागातले बाबू म्हणाले, "मॅडम, एका अक्षरानं काय फरक पडते? नंतर बदलून घेतील."

मी समोरची खुर्ची ओढली आणि बसले. त्यांनी नाइलाजानं नोंद उघडली, 'एच' काढला. पडद्यावर आपोआप उमटलं: मदवी. पुन्हा खोडलं, एक 'ए' वाढवला. मदावी. शेवटी कळफलक मराठीवर घेऊन त्यांनी एकेक अक्षर शोधत 'मडावी' टाइप केलं आणि पडदा माझ्याकडे वळवला. मी आधार कार्ड शेजारी धरून वरपासून वाचायला लागले. बापाच्या नावातही एक काना कमी होता.