साबुदाणा चालेल, शेंगदाण्याचं कूट नाही

चयापचयाच्या आजारांच्या ओपीडीत आहारतज्ज्ञ म्हणून पाहिलेली एक बहीण-भावाची जोडी डोक्यातून जात नाही.

भाऊ पाच वर्षांचा. एकही शब्द नाही, झोप नाही, स्वतःचे हात चावून जखमा केलेल्या. आईवडिलांचे केस काळेभोर, याचे भुरे. अंगाला कुबट वास. ‘लाडावलाय’, ‘मुलगे उशिराच बोलतात’ असं सांगून सगळ्यांनी परत पाठवलेलं. रक्त कुणीच तपासलं नव्हतं, याचा मला आजही राग येतो. फिनाइलॅलानिन, म्हणजे प्रथिनांतला एक घटक, निघालं 24 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. एरवी ते 1 च्या आसपास असतं. निदान पीकेयू, म्हणजे फिनाइलॅलानिन मोडता न येऊन ते रक्तात साठत जाण्याचा जन्मजात आजार: ते मोडायचं काम सांभाळणाऱ्या पीएएच जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या, एक आईकडून, एक वडिलांकडून.

दिवसाला 300 मिलिग्रॅम फिनाइलॅलानिन ठरवलं, म्हणजे अन्नातली प्रथिनं जेमतेम 6 ग्रॅम. कपभर दुधातच ती जवळपास संपतात. डाळ, दही, पोळी बंद. भात, बटाटा वजनकाट्यावर. साबुदाण्यात प्रथिनं नसल्यातच जमा, म्हणून तुपातली खिचडी पोटभर, पण कूट अजिबात नको. बाकीची प्रथिनं फिनाइलॅलानिन काढलेल्या औषधी पावडरीतून, दिवसभरात तीन-चारदा विभागून. पावडर महाग, म्हणून घरचे ती कमी घालतात आणि तिथेच गणित फसतं. प्रथिनं अपुरी पडली की शरीर स्वतःचे स्नायू मोडतं आणि पातळी उलट चढते. तापातही तेच होतं. ‘शुगर-फ्री’ सिरपमध्ये गोडीसाठी घातलेलं अ‍ॅस्पार्टेम, ज्यातून फिनाइलॅलानिनच मिळतं, तर कुणाच्या लक्षातही येत नाही.

पातळी 5 वर आली तसं हात चावणं थांबलं, रात्रीची झोप लागू लागली. शब्द मात्र आले नाहीत. मेंदूची ती वर्षं निघून गेली होती.

बहीण त्यानंतर जन्मली. तिसऱ्या दिवशी टाचेतून रक्त घेऊन फिल्टर पेपरवरचं वर्तुळ पूर्ण भरलं, उन्हापासून दूर आडवं वाळवलं. तोच बिघाड, दोन्ही प्रतींत. दुसऱ्या आठवड्यापासून पावडर आणि सोबत मोजून आईचं दूध. ते तोडायला सांगणारे डॉक्टर अजून भेटतात. खरं तर गाईच्या दुधाच्या मानाने त्यात फिनाइलॅलानिन एक तृतीयांशच असतं. आता ती बालवाडीत गाणी म्हणते, भांडते, प्रश्न विचारून भंडावते.

“मॅडम, दोघांचं जनुक सारखंच ना?” आई दर वेळी विचारते. हो, सारखंच.

मुलगी मोठी होऊन आई व्हायचं ठरवेल, तेव्हा गर्भ राहण्याआधीपासून तिची पातळी 6 च्या आत हवी. नाहीतर बाळाचं जनुक धड असूनही तिच्या रक्तातलं फिनाइलॅलानिन त्याच्या मेंदूला आणि हृदयाला इजा करेल. हे तिच्या फाइलवर आत्ताच लाल शाईने लिहून ठेवलंय.