जून संपला, आता रुबार्बला हात लावायचा नाही

"लव्ह, आता पुरे. झाडाला विश्रांती हवी." परडी घेऊन मी रुबार्बच्या, म्हणजे आंबट देठांसाठी लावतात त्या मोठ्या पानांच्या झाडाच्या, वाफ्याकडे निघाले होते, तेवढ्यात शेजारच्या आजोबांनी कुंपणापलीकडून सांगितलं. इथे इंग्लंडात, यॉर्कशायरमधली वडीलधारी माणसं कोणालाही 'लव्ह' म्हणतात, त्यात काही विशेष नाही. पण वाफ्यात लालसर बुडाचे, बोटापेक्षा जाड देठ खच्चून उभे असताना पुढच्या वसंतापर्यंत हात लावायचा नाही? मला राग आला. अंगण माझं, खत मी घातलेलं, आणि थांबायचं का, तर जून संपला म्हणून.

आजोबा कुंपणाला टेकून उभे राहिले आणि त्यांनी नीट समजावलं. उन्हाळाभर ती मोठाली पानं जे अन्न तयार करतात ते जमिनीखालच्या गड्ड्यात साठतं. हिवाळ्यात वरचं सगळं मरून जातं आणि पुढच्या वर्षीचे देठ त्या साठ्यावर उगवतात. जुलै-ऑगस्टमध्ये ओरबाडलं तर पुढच्या एप्रिलमध्ये पेन्सिलीएवढ्या काड्या मिळतात. गड्डा लावल्यावर पहिल्या वर्षी एकही देठ काढायचा नाही, दुसऱ्या वर्षी जेमतेम चवीपुरते, पोटभर खायचं ते तिसऱ्या वर्षापासून. तेव्हाही एका वेळी निम्म्याहून जास्त नाही. सुरी लावायची नाही, कारण कापलेला बुडखा कुजतो आणि ती कूज गड्ड्यापर्यंत जाते. बुडाशी धरून हलका पीळ देत ओढला की देठ अख्खा निघतो. फुलाचा दांडा दिसला तर लगेच काढून टाकायचा, नाहीतर झाडाची ताकद बियांत जाते.

आजोबांचं मी ऐकलं, कारण त्यांनी हे कुठे वाचलेलं नव्हतं, ते इथल्या मातीतलंच शहाणपण आहे. मी राहते ते गाव वेकफिल्डजवळ आहे. वेकफिल्ड, मॉर्ले आणि रॉथवेल यांच्यामधल्या पट्ट्याला इथे 'रुबार्ब ट्रँगल' म्हणतात. दोन वर्षं शेतात वाढवलेले गड्डे थंडीचा तडाखा बसल्यावर उपटून अंधाऱ्या, उबदार शेडमध्ये नेतात. उजेड नाही, म्हणून पान अन्न तयार करत नाही. गड्ड्यातला साठा खाऊन देठ भराभर वाढतात, कोवळे आणि गुलाबी. तोडणीसुद्धा मेणबत्तीच्या उजेडात. शेडमध्ये शांत उभं राहिलं तर कोंब फुटल्याचा आवाज ऐकू येतो. या रुबार्बला २०१० साली युरोपीय संघाचं भौगोलिक संरक्षण मिळालं, म्हणजे आपल्याकडच्या जीआय मानांकनासारखंच. पण त्यानंतर तो गड्डा संपतो. साठा रिकामा झालेला, त्याचं खत करतात. झाडाकडून शेवटचा थेंबही कसा काढायचा हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांनीच परसातल्या झाडाला दर वर्षी नऊ महिने सोडून द्यावं, हे मला फार मोठं वाटतं. पोलीस नाही, पाटी नाही, दंड नाही. जुलै लागला की गल्लीतलं प्रत्येक झाड नुसतं उभं असतं.

इथल्या लोकांनाच संयम कळतो आणि आपल्याला नाही, असा सूर मात्र मला खपत नाही. पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यावर होड्या ओढून ठेवतात, १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते आणि दर्या शांत झाला की नारळीपौर्णिमेला नारळ वाहून मग जाळी टाकतात. सरकारी बंदी येण्याच्या कितीतरी आधीपासून कोळीवाड्यांना हे कळत होतं. मासळीला वाढू द्यायचं, तसंच हे.

आणि खाण्याच्या बाबतीत तर यांनी आपल्याकडून शिकावं. एवढा सुंदर आंबट देठ, आणि त्यावर साखरेचा डोंगर! क्रंबल, कस्टर्ड, जॅम. आंबटपणा मारून टाकायची घाई. आंबटाला तिखट आणि गूळ लागतो, हे आपल्याकडे शाळकरी मुलालाही माहीत आहे. मी रुबार्बचा मेथांबा करते. मोहरी, मेथीदाणे, हिंग, हळद यांची फोडणी, त्यात गूळ, तिखट, मीठ आणि अगदी चमचाभर पाणी. गूळ विरघळला की देठाचे बोटभर लांब तुकडे घालून झाकण ठेवायचं. तीन-चार मिनिटांत उतरवायचं, कारण रुबार्ब बघता बघता गळतो आणि स्वतःचं पाणी भरपूर सोडतो. कढई स्टीलची घ्यावी, अ‍ॅल्युमिनियमला आंबट चालत नाही. तुरीच्या वरणातही चिंचेऐवजी दोन देठ पुरतात. आजोबांना वाटीभर मेथांबा दिला होता, तो त्यांनी चीजबरोबर खाल्ला. वाटी धुऊन परत आली ती आणखी मागण्यासाठी.

फोटो पाहून आईने पहिल्यांदा विचारलं, "पानांच्या वड्या होतील का गं?" दिसायला पान तसं मोहात पाडणारं आहे, पण नाही, अजिबात नाही. पानं विषारी आहेत. त्यांत ऑक्झॅलिक आम्ल खूप असतं, शिजवूनही ते सुरक्षित होत नाही. पहिल्या महायुद्धात भाज्यांची टंचाई होती तेव्हा ब्रिटनमध्ये ही पानं खायचा सल्ला दिला गेला होता आणि त्यातून विषबाधा झाल्या. देठातही हे आम्ल थोडं असतं, तेव्हा मुतखड्याचा त्रास असलेल्यांनी जपून.

आई दर वर्षी म्हणते, मे महिन्यात ये, आंब्याला ये. मी डिसेंबरात जाते. मुलांच्या सुट्ट्या, तिकिटं, सगळं तेव्हाच जमतं. शिवाय मे महिना इथे सोडवत नाही, आणि त्यात मला काही गैर वाटत नाही. डिसेंबरात रुबार्ब झोपलेला असतो.

पुण्याच्या मैत्रिणी बी मागतात. मी पाठवणार नाही. या झाडाला कडक थंडीची झोप हवी असते, ती झाल्याशिवाय ते जोमाने उठत नाही, आणि कडक उन्हात माना टाकतं. इतकंच आंबट हवं असेल तर बाजारात अंबाडी येते की. ती मला इथे मिळत नाही.