कुंभारजुव्याच्या कालव्यातले मानगे

गोव्यात मगरी (कोकणीत मानगे) आहेत म्हटलं की पुण्यातल्या मैत्रिणींचा ठरलेला प्रश्न येतो, "कुठल्या पार्कात?" पार्कात नाही हो, उघड्या पाण्यात. मांडवी आणि जुवारीला जोडणारा कुंभारजुव्याचा कालवा आहे, त्यात. पणजीहून फोंड्याला जाताना बाणस्तारीच्या पुलाखाली दिसतं ते त्याचंच पाणी. दोन नद्या आणि हा कालवा मिळून तिसवाडीचं बेट होतं. आदिलशाहीच्या काळात कोणी बेटावरून पळू नये म्हणून मगरी मुद्दाम सोडल्या, अशी गोष्ट इथे सांगतात. मला ती गोष्ट म्हणूनच आवडते.

यंदा जानेवारीत भाचरांना घेऊन जुवारीच्या बाजूने बोटीत बसलो. दुर्भाटचे मामा बरोबर होते. ओहोटीची वेळ धरून निघालो, कारण भरतीला काठ पाण्याखाली असतो आणि ऊन खायला मगरीला जागाच उरत नाही. मुखापाशी ब्राह्मणी घारी घिरट्या घालत होत्या. पुढे तिवरांच्या मुळांवर कॉलर्ड किंगफिशर दिसला, निळा-पांढरा, सुबक. निवट्या, म्हणजे चिखलातले छोटे मासे, चिखलावर टुणटुण उड्या मारत होत्या आणि मुलं त्यातच रमली.

"बाय, थयं पळे," म्हणजे तिकडे बघ, मामा हळूच म्हणाले. बोटवाल्याने इंजिन बंद केलं.

पहिल्यांदा मला नुसता चिखल दिसला. मग त्या चिखलाला डोळा फुटला. सात-आठ फुटी असेल. पाठीवरचा गाळ वाळून पांढुरका झाला होता, तडकला होता. पोटाकडचा भाग मात्र अजून ओला, काळपट. जबडा सताड उघडा. मुलांना वाटलं ती आता झेपावणार. पण ऊन खाताना अंग फार तापू नये म्हणून मगर तोंड उघडं ठेवते. आतलं मांस फिकट पिवळं होतं, आणि कडेच्या दातांवर शेवाळाचा धागा लोंबत होता. जबड्याच्या मागे, मानेवर, चार मोठे उंचवटे चौकोनात बसवल्यासारखे होते. आम्ही बघत राहिलो, ती हलली नाही. मग लांबून एक स्पीडबोट आली आणि काही कळायच्या आत ती पाण्यात गेली. काठावर शेपटीचा गुळगुळीत ओरखडा तेवढा उरला.

स्पीडबोटीची लाट बांधावर आपटली तशी मामांच्या कपाळाला आठी पडली. त्यांना मगरीपेक्षा बांधाची काळजी जास्त, आणि मला वाटतं इथली खरी गोष्ट तीच आहे.

कालव्याच्या दोन्ही अंगांना खाजन शेती आहे. भरतीच्या पातळीपेक्षा खाली असलेली ही जमीन मातीच्या बांधांनी खाऱ्या पाण्यापासून राखलेली. बांधात मानस असते, म्हणजे लाकडी दारांची मोरी. ओहोटीला दार पाण्याच्या रेट्याने बाहेर उघडतं, भरतीला आपोआप मिटतं. आत कोरगुट भात पिकतो, खारटपणा सोसणारा. पण बांध फुटला की कोरगुटाचाही निभाव लागत नाही, खारं पाणी मुरलं की शेत पुढची काही वर्षं पडीक. आणि बांध फोडायला खेकड्याचं एक बीळ पुरतं.

त्याच बांधावर मगरी ऊन खातात. मगर खरं म्हणजे गोड्या पाण्यातली, तरी इथल्या मचूळ पाण्यात तिने पिढ्यान्‌पिढ्या संसार केलाय. शेतकऱ्यांनी तिला शत्रू मानलं नाही, बांधाची राखणदार मानलं. पौष अमावास्येला दुर्भाट, आडपईकडे शेताच्या कडेला चिखलाचा मानगा थापतात. मामा लहानपणापासून हे करत आले आहेत. शेपटीला बाक द्यायचा, पाठीवर शिंपल्या रोवायच्या, काटक्यांचे दात लावायचे, फुलं वाहायची आणि बांध राख, गुरंवासरं राख, आम्हाला सांभाळ, असं मागणं मागायचं. हे मला कुठल्याही वन्यजीव कायद्याइतकंच मोलाचं वाटतं. मगर 1972च्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेच. पण कायदा येण्याच्या कितीतरी आधीपासून तिला इथे जागा होती.

आज ती जागा आक्रसते आहे. खनिज वाहणाऱ्या बार्जेसनी वर्षानुवर्षं बांध झिजवले. 2012 साली खाणी काही काळ थांबल्या तेव्हा त्यांच्या लाटाही थांबल्या, पण बांधाला चिखल घालायला माणसं कुठे आहेत? पूर्वी कोमुनिदाद, म्हणजे गावकीची जुनी सामाईक संस्था, बघत असे, आता कुळांच्या संघटनांवर भार आहे आणि मुलं नोकरीला शहरात. मामांच्या शेजारच्या शेतात पाणी शिरलंय, तिथे आता तिवरं माजली आहेत.

म्हणून जाणाऱ्यांना हात जोडून सांगते. थंडीत जा, ओहोटी विचारून जा. मगर दिसल्यावर इंजिन बंद करतो का, हे बोटवाल्याला आधी विचारा. "अगदी हाताला लागेल इतकं जवळ नेतो" असं कोणी म्हणालं तर दुसरी बोट बघा. फेब्रुवारीपासून माद्या काठावर खड्डा उकरून अंडी घालतात, तेव्हा काठाला उतरायचा हट्ट नको. आणि पौष अमावास्येच्या सुमारास गोव्यात असाल, तर मानगा बघायला दुर्भाटला जरूर या. फोटो मात्र विचारून काढा, तिथे पूजा चालू असते.